सुपेल्याची बाई

सावरटोला, आमगावजवळ
१८ सप्टेंबर १९६०

देवरावास मारोतदादाचा आशीर्वाद. तुहे लक्षण आशीर्वाद घ्यायचे नाही, तरी मावसभाऊ पडला म्हणून देऊन राहिलो.

लेका, दंडार कुठी आहे? दिवाळी महिन्यावर आली. भाऊबीज झाली का आपली मंडई भरते, चार गावचे लोक येते, पाळणे येते, मिठाईवाले येते, पण रातभर जागून बसते ते दंडार पाह्यलेच. अन तुह्याकडून अजून एक कागद नाही! मागच्या साली पोळ्यालेच सगळं लिहून झालं होतं. केवलराम ढोलकी ताणून बसला आहे. फकिराले दरसाल बाईचं काम करा लागते, तर त्यानं मिशी काढून टाकली. आता तो बिनमिशीचा वावरात फिरते अन पोट्टे त्याले वयनी वयनी करते. त्याले मी काय सांगू, का आमच्या लिहिणाऱ्याले भिलाईची हवा लागली?

आपली रीत तुले नव्यानं सांगाले नोको. वर्षभरात गावात जे झालं ते नावं बदलून उभं करायचं, अन ज्याचं त्यानं वळखायचं. केवलरामनं शेजाऱ्याचा बांध सरकवला, त्याची तुनं दंडार केली अन ढोलकी वाजवाले त्यालेच बसवलं. कसा मान खाली घालून वाजवत होता बिचारा! तसं काहीतरी कर.

रंभा बरी आहे. मावशी अन मावसाजीचं सगळं तीच पाहते. क्वार्टर भेटलं का घेऊन जाईन, असं तुनं तिले म्हणतलं होतं. ती विचारत नाही, म्हणून मी विचारतो.

मारोतराव


कॅम्प, भिलाई
४ ऑक्टोबर १९६०

दादा, नमस्कार.

दंडार सोबत आहे. एकदाची झाली.

भिलाईची हवा कोणती लागली ते पाह्यले ये कधी. कोक ओव्हनवर दरवाज्याचं काम भेटलं मले. भट्टीचा दरवाजा निघाला का त्याच्या कडेले चिकटलेलं डांबर लंब्या सळईनं खरवडायचं. ते झालं का दुसरा दरवाजा. घाम निघते अन तठंच वाळते, आंगीवर मीठ दिसते. ड्यूटीवरून आलो का भात टाकायचा, खायचा, पडायचं. शिफ्ट बदलली का झोप बदलते अन भूकही बदलते. गावात होतो तवा धानाच्या बांधीत पाणी सोडता सोडता गाणं जुळे. हात कामाले राहे अन डोकं मोकळं राहे. इथं हात चुकला तर हात जाईन, म्हणून डोकंही कंपनीलेच द्या लागते.

तरी लिहलं. कावून, ते नाही सांगता येत. इथं मले टिकट नंबरानं वळखते. सावरटोल्यात मी दंडारीचा देवराव आहे. तेही सुटलं तर मंग मी डांबर खरवडणारा, बाकी काही नाही. ते मले सहन होणार नाही दादा.

वर्षभर गावात नव्हतो, तर गावचं काय लिहू? मनानंच रचलं. एक गडी कंपनीत कामाले जाते. टाउनशिपच्या बाहेर सुपेल्याचा बाजार आहे, तिथं त्याले एक चुडीवाली भेटते, तो तिच्याच घरी राहाले लागते, अन इकडे बायको वाट पाहत राहते. ही कोणाची गोष्ट नाही. सगळ्यायले तसं आधीच सांगजो.

क्वार्टरचा पत्ता नाही. मी अन आपल्या गावचा चिंधू एकाच खोलीत आहो. बायकोची, नलूची चिठ्ठी आली का तो माह्याकडून तीच तीच वाचून घेते, अन दरवेळी नवी ऐकल्यावाणी हासते. रंभेले सांग, तब्येत ठीक आहे.

देवराव


सावरटोला
२९ ऑक्टोबर १९६०

शाब्बास रे देवराव!

अशी दंडार आपल्या खेळाच्या पाटावर झाली नव्हती. लोक झाडावर बसले होते. फकिरानं चुडीवाली अशी केली का बुढे बुढे गडी डोळे पुसत होते. तो गडी थकून येते अन ती त्याले जवळ बसवते, त्या जागी तर बाया पदर तोंडाशी धरून रडल्या. कुठून आणतो बाप्पा तू असं बोलणं?

आता चिंधूचं. तो असा निघन हे कोणाले वाटलं नव्हतं. गरीब गाय समजत होतो आपण त्याले. तुह्या सांगण्यापरमाणे मी सुरुवातीले सांगतलं, का ही कोणाची गोष्ट नाही, तर लोक खो खो हासले. दरसाल तू तसंच लिहतो ना! केवलरामच्या बांधाच्या वेळीही तसंच लिहलं होतं. आपल्या गावचे दोघंच भिलाईत आहे. सोताचं तर कोणी सोता लिहत नाही. मंग राहिला कोण?

नलू अर्ध्यातूनच उठून गेली. तिचा भाऊ पंजाबराव मंडईले आलाच होता. उजाडल्याबरोबर तिले माहेरी घेऊन गेला. म्हणे, देवरावचे उपकार झाले, त्यानं दोस्तीचा मुलाहिजा ठेवला नाही. सगळं गाव तुले मानून राहिलं.

मारोतराव


कॅम्प, भिलाई
८ नोव्हेंबर १९६०

दादा, सत्यानाश केला तुम्ही सगळ्यायनं मिळून!

कोण चुडीवाली? कोणाची चुडीवाली? चिंधू ड्यूटी करते, बिडी ओढते अन झोपते. पगार झाला का आधी नलूची मनीऑर्डर करते, मंग भाजी घेते. त्याले सुपेल्याची वाटही धड माहीत नाही. काल नलूच्या भावाची चिठ्ठी आली. चिंधूनं ती माह्या हातात देली, हासत, का वाच. मी वाचली दादा. त्याले मीच वाचून दाखवली. पुढचं मी लिहत नाही.

ती बाई कुठून आली ते आईक. मी कंदिलाची काच घ्याले सुपेल्याले गेलो होतो. एक चुडीवाली कोण्या पोरीच्या हातात चुडी चढवून राहिली होती. मी मधात उभा होतो, तर मले म्हणे, "घुच न भइया, अंजोर ला छेंकत हस." उजेड अडवून राहिला, बाजूले हो, एवढंच. तिचं तोंडही मले याद नाही. मंग एका दिवशी ड्यूटीवरून आलो, वही घेतली, काही सुचून नाही राहिलं, तर तीच येऊन बसली. म्हणे, थकला का? इथं मले असं कोणी विचारत नाही. म्हणून मी तिले बोलू देलं. बोलता बोलता तिचं घर झालं, चूल झाली, अन तिच्याजवळ बसाले एक गडी लागला. दंडार अशी होते. त्यात चिंधू कुठून आणला तुम्ही?

चावडीवर ही चिठ्ठी वाच. पंजाबरावच्या घरी जाऊन वाच. पाया पडतो.

देवराव


सावरटोला
२७ नोव्हेंबर १९६०

देवरावास आशीर्वाद.

तुही चिठ्ठी मी चावडीवर वाचली अन पंजाबरावच्या आंगणात जाऊनही वाचली. त्यानं चहा पाजला, पण ऐकलं नाही. म्हणे, चिठ्ठीत माणूस काहीही लिहते. चिंधूनं हातपाय जोडले असन, म्हणून देवराव आता पांघरूण घालून राहिला. दंडारीत गण म्हणून झाला, देवाले नमस्कार झाला, त्यानंतर पाटावरून जे बोललं ते कधी खोटं निघालं आहे का? मी काय सांगू? आजपर्यंत एकदाही निघालं नाही. तुनंच तशी सवय लावली लोकायले.

चिंधू येऊन गेला. तुले सांगून आला का नाही, माहीत नाही. सासऱ्याच्या दारात पाणीही विचारलं नाही त्याले. नलू आतून रडत होती, पण बाहेर आली नाही. फारकतीचं पक्कं झालं आहे. देवरीकडचा एक बिजवर पाहिला आहे, होळीच्या आधी पाट लावतो म्हणते.

माहं डोकं चालत नाही. एवढंच सुचते, का संक्रांतीनंतर आपल्या इथं शंकरपट आहे, बैलाच्या जोड्या धावते, त्या दिवशी दुसरी दंडार लावता येते. पंजाबराव जोडी घेऊन येतेच. पाटावरून गेलेलं पाटावरूनच परत येईन. तुनंच लिहलं, आता तूच निस्तर.

मारोतराव


कॅम्प, भिलाई
३० डिसेंबर १९६०

दादा,

उत्तराले उशीर झाला. लिहत होतो अन फाडत होतो.

चिंधू परत आल्यापासून माह्याशी बोलत नाही. दुसरी खोली भेटत नाही, म्हणून राहते इथंच. एका खोलीत दोन चुली आहे आता. तो त्याचा भात शिजवते, मी माहा. मी वही काढली का तो उठून बाहेर जाऊन बसते, थंडीत. शेवटी मीच बाहेर बसून लिहाले लागलो.

आधी असं लिहलं, का गावानं गैरसमज केला अन एका चांगल्या माणसाचं घर मोडलं. वाचून पाहिलं, तर गावाले शिव्या देल्यावाणी वाटे. गाव ते ऐकून घेईन का? गोटे मारन. मंग लिहलं, का ते सगळं खोटंच होतं, बाई नव्हतीच. ते तर उभंच राहत नाही. मंग गडी थकून कोणाजवळ बसला होता, हे लोक विचारन. ज्या बाईसाठी ते रडले ती नाहीच म्हणतलं तर चिडन. तिले आता मारता येत नाही दादा. ती माह्या हाती राहिली नाही. फक्त गडी बदलता येते.

म्हणून गडी बदलला. लई थकलो होतो, पण हे सरसर आलं. याचंच वाईट वाटते. एक माणूस दंडारी लिहते. कंपनीत येते. सुपेल्यात बाई ठेवते. गावाले कळन म्हणून भिते, अन आपलं पाप आपल्या गरीब दोस्ताच्या नावावर लिहून पाठवते. शेवटी पाटावर उभं राहून कबूल करते. नावं बदलली आहे, पण आंधळ्यालेही कळन.

एकट्यात वाच. अन त्या दिवशी रंभेले तिच्या माहेरी पाठव. तिले मी मंग समजावून लिहीन.

देवराव


सावरटोला
८ जानेवारी १९६१

बयाड झाला का रे तू?

वाचली. दोनदा वाचली, अन चुलीत टाकाले उठलो होतो. तुह्या वयनीनं हात धरला. हे मी लावणार नाही. मावसाजी पहिल्या रांगेत बसते, लेकाची दंडार म्हणून सगळ्या गावाले पान वाटते. त्यायच्यासमोर मी हे बोलू? तुह्या जागचा गडी मलेच करा लागन, दुसऱ्या कोणाले एवढं पाठ होत नाही. मी पाटावर उभं राहून म्हणू, का मी बायकोले फसवलं, दोस्ताले बुडवलं? अन दुसऱ्या दिवशी रंभेच्या हातचा चहा कोण्या तोंडानं पिऊ?

चिंधूचं वाईट झालं, कबूल. पण पोरीचा पाट लागला तर ती उपाशी मरत नाही. चिंधूलेही भेटन दुसरी. तू आपलं घर पाह्य. तुनं काही पाप केलं नाही ते गावाले सांगायचं सोडून, केलं म्हणून सांगतो? असा लिहिणारा मी पाहिला नाही.

दुसरं काही लिहून पाठव. एखादी देवादिकाची कथा लिही. त्यात कोणाचंच घर जात नाही.

मारोतराव


कॅम्प, भिलाई
१४ जानेवारी १९६१

दादा,

कार्डावर मावन तेवढंच लिहतो. काल चिंधूची अन माही ड्यूटी संग होती. दरवाजा निघाला, भट्टी उघडी झाली, सगळे मागे सरकले, तो सरकला नाही. आगीकडे पाहत उभाच राहिला. मी ओढला त्याले. म्हणे, कावून ओढलं? इतक्या दिवसात माह्याशी बोलला तो एवढंच.

देवादिकाचं नोको. जे पाठवलं तेच खेळा. माही शपथ आहे तुले.

देवराव


सावरटोला
६ फेब्रुवारी १९६१

देवरावास,

खेळली. तुही शपथ नसती तर खेळली नसती.

नलू सासरी आली. पंजाबराव मधातूनच उठला होता. मले वाटलं, मारते आता. तर तो मांडवाच्या बाहेर जाऊन रडत बसला. दुसऱ्या दिवशी पोरीले सोता घेऊन आला, चिंधूच्या मायच्या पाया पडला. देवरीवाल्याले नकार गेला. चिंधूले तार केली आहे, तो सुट्टी काढून येईन अन या खेपेले नलूले घेऊनच जाईन म्हणते.

आता तुह्या घरचं. मावसाजी शेवटपर्यंत बसून होते. मंग घरी जाऊन त्यायनं मावशीले सांगतलं, का त्याचं नाव या घरात काढायचं नाही. पैसे आले तर परत पाठवा म्हणे. मी खरं सांगाले गेलो, तर मले म्हणे, तू त्याचा भाऊ, तू तेच सांगशीन. चिठ्ठी दाखवली, ती पाहिली नाही. पाटावरचं खरं अन चिठ्ठीतलं खोटं, मावसाजीचंही तेच चाललं आहे.

रंभा माहेरी गेली नाही. मी लई म्हणतलं. समोर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी नेहमीवाणी गोठ्यात शेण काढत होती. मी फाटकातून पाहिलं अन परत आलो.

अन लोकायचं ऐकशीन? लोक म्हणते, देवरावची लेखणी आता कुठी तयार झाली, असं खरं आजपर्यंत कोणी लिहलं नव्हतं. तीन गावायनं पुढच्या मंडईसाठी आताच विचारलं आहे. तू सांगशीन ते त्यायले कळवतो. मीही थकलो, आता जरा बसा वाटते.

मारोतराव


सावरटोला
१९ फेब्रुवारी १९६१

नवऱ्याचं नाव वर लिहता येत नाही, अन दुसरं काय लिहावं हे मले कोणी शिकवलं नाही. चौथीत मास्तरनं शिकवलं तेवढ्यात लिहून राहिली. समजून घ्या.

तुमची चिठ्ठी भेटली. बाई नाही म्हणून मायची शपथ घेतली तुम्ही. घ्याले नोको होती. मारोतदादानं मले दंडार आधीच वाचाले देली होती, अन माहेरी जा म्हणे. मी म्हणतलं, जात नाही. मी लपली असती तर लोक म्हणते, हिले आधीपासून माहीत होतं. नलू घरी येत असन तर माह्याबद्दल काही म्हणो. मामंजीले मी सांगतलं, तुमचं पोरगं असं नाही. ते म्हणे, तुले नवऱ्याचा पुळका. विहिरीवर मी गेली का बाया चूप होते. तेही चालते. मी घागर भरते अन येते.

चुडीवाली नाही, हे मले मंडईच्या दिवशीच माहीत होतं. तुमच्यात सुपेल्याले जाऊन बाई ठेवाचा जोर कुठी आहे? सुट्टीत येता तेही झोपाले येता.

पण शंकरपटाच्या दिवशी मारोतदादा पाटावर बसले होते तुमचं काम करत. फकिरा चुड्या भरून त्यायच्या बाजूले बसला. अन तुमचा गडी त्याले म्हणे, तुह्या हाताच्या चुड्या वाजल्या का मले कंपनीचा भोंगा ऐकू येत नाही. म्हणे, दिवसभर आगीसमोर मी तुले सांगाच्या गोष्टी जमा करत असतो. सगळ्या बाया रडल्या. मीही रडली. मंग मनात आलं, म्हणजे याले हे येते तर.

लग्न झाल्यापासून तुम्ही मले पाणी दे, भात वाढ, कंदील बारीक कर, यापरीस जास्त काही म्हणतलं नाही. मी समजत होती, माणूसच कमी बोलणारा आहे. थकून येते. थकल्या माणसाले काय मांगावं, म्हणून मी काही मांगतलं नाही. अन तुमच्याजवळ एवढं होतं. ते तुम्ही फकिराले देलं, चार गावायले देलं, जी बाई नाहीच तिले देलं. ती खरीच असती तर मी तिच्याशी भांडली असती, तिच्या झिंज्या धरल्या असत्या. आता मी कोणाशी भांडू ते सांगा.

चिंधू आला आहे. तो नलूले घेऊन शनिवारच्या पॅसेंजरनं येऊन राहिला, मी त्यायच्या संग येते. मामंजीनं जा म्हणतलं नाही, जाऊ नको म्हणूनही म्हणतलं नाही. क्वार्टर नसन तर नसो. दुर्गच्या स्टेशनावर या.

पुढच्या मंडईचं लिहा का नका लिहू, ते तुमचं तुम्ही पाह्या. पण मले लिहून देऊ नका, अन वाचूनही दाखवू नका. समोर बसा अन बोला. नाही जमलं, अडकलं, तरी मी बसून राहीन.

रंभा